इंदापूरचा खालचा आवाज

बारामतीच्या स्टेशनावर एकदा तिकिटाच्या खिडकीतल्या बाबूनं मला विचारलं, "मास्तर, तुम्ही मिशनच्या शाळेत शिकवता काय? गणित?" मी म्हणालो, "गाणं." तो हसला. "ते झालं हो. पण काम काय करता?" मी तिकीट घेतलं आणि गपचूप गाडीत जाऊन बसलो. जन्मभर कुणी ना कुणी मला हे विचारतच आलंय. आधी राग यायचा, मग हसू यायला लागलं, आता नुसता कंटाळा येतो. या अंकाचे संपादक घरी येऊन गळ घालायला लागले तेव्हा मीही त्यांना म्हणालो, अहो, गाणं शिकवणाऱ्याच्या आयुष्यात लिहिण्यासारखं असतं काय? ते म्हणाले, तुम्ही लिहा, आम्ही बघतो. आता बघा म्हणजे झालं.

माझं काम असं. आठवडाभर शाळेत पोरांना गाणं शिकवायचं, रविवारी बारामतीच्या चर्चमध्ये पायपेटी वाजवायची, आणि पंधरवड्यातनं एकदा सर्व्हिस मोटारीनं इंदापूरला जाऊन तिथल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीला गीतं शिकवायची. पायपेटी म्हणजे हार्मोनियमची थोरली बहीण. वर हातांनी वाजवायचं आणि खाली दोन्ही पायांनी भाता हाणत राहायचं. पाय थांबले की सूर बसला. माझे गुडघे आज जे काही बोलतात ना, ते त्या पेटीनंच त्यांना शिकवलंय. सन तीस आणि चाळीसच्या मधली ही वर्षं. पाटाच्या पाण्यावर सगळीकडे ऊस उभा राहत होता, गुऱ्हाळाचा वास मोटारीत शिरायचा, आणि सणसरच्या पुढं रस्त्याची धूळ अशी, की इंदापूरला उतरल्यावर पहिला अर्धा तास घशातनं सूर म्हणून निघायचा नाही.

याशिवाय गीतं करायची. हे कुणाला काम वाटतच नाही. पाद्रीसाहेब गुरुवारी सांगायचे, "मास्तर, या रविवारी उधळ्या पुत्र आहे." की बसा उधळ्या पुत्राला घेऊन. शुक्रवारी शब्द, शनिवारी चाल आणि तालीम, रविवारी मंडळी गाणार, सोमवारी ते कुणाच्या लक्षात नाही, माझ्याही नाही. कापणीच्या सणाला वेगळं, बाप्तिस्म्याला वेगळं, लग्नाला वेगळं, मातीला म्हणजे दफनाला वेगळं. एका लग्नात नवरी दारात येऊन उभी आणि माझ्या पेटीच्या पायपट्टीची वादी तुटली. नवरीचा मामा माझ्यावर ओरडतोय, "वाजवा की! वाजवा की!" शेवटी बाहेर बैलगाडी सोडलेली होती, तिच्या गाडीवानाकडनं जुवाची एक वादी मागून आणली, बांधली आणि वाजवायला बसलो. त्या नवरीला पुढं नातवंडं झाली, तिला अजून वाटतं की इंग्रजी लग्नाचा बाजा तेवढा वेळ थांबून मगच सुरू होतो.

सणसरचा एक भजनी बुवा एकदा माझ्याकडे आला. भला माणूस, भाजीपाल्याचा मळा होता त्याचा. म्हणाला, "मास्तर, तुमच्यात म्हणं चार आवाजात गात्यात. आमच्या भजनाला बी तसं बसवून द्या." मी म्हणालो, "अहो, पण मारुतीला चालेल का?" तो म्हणाला, "मारुतीला काय न चालाया झालंय! आमालाच जमतंय का बघा." गेलो. पहिल्याच दिवशी वरचा आवाज कुणी म्हणायचा यावरनं त्यांच्यात अशी जुंपली, की मी चहा पिऊन परत आलो. खालचं कुणालाच नको होतं.

आता हे चार आवाजांचं प्रकरण काय, ते सांगतो. आपल्याकडं दहा माणसं गायला बसली तर दहाही एकच चाल म्हणतात. चार आवाजांत तसं नसतं. बायकांचे दोन, पुरुषांचे दोन, आणि प्रत्येकाची चाल वेगळी. शब्द एक, पण वाटा चार. मुख्य चाल एकाकडे असते, बाकीचे तिच्या अंगाखालनं आपापल्या वाटेनं जातात आणि शेवटी एका मुक्कामाला येऊन भेटतात. ऐकायला सोपं. करायला घ्या, म्हणजे कळेल.

हे वेड मला लावलं पाद्रीसाहेबांच्या मडमबाईंनी. त्यांच्या बंगल्यात पियानो होता. एका संध्याकाळी त्यांनी मला बसवून एका जर्मन माणसाचं देवाचं गाणं वाजवून दाखवलं. त्याचं नाव माझ्या जिभेवर कधी नीट बसलं नाही, म्हणून मी आपला त्याला जर्मन मास्तर म्हणायचो. मडमबाई त्यांच्या मराठीत म्हणाल्या, "हा माणूस दोनशे वर्षे जुना आहे, मास्तर. पण तुमच्यासारखाच. शाळेत मुले शिकवतो. चर्चमध्ये वाजवतो. दर रविवारी नवीन गाणे करतो. आणि कमिटीशी भांडतो." कमिटीशी भांडतो म्हटल्यावर मला तो एकदम घरातलाच वाटायला लागला. आणि काय ते गाणं हो! एका आडावर चार बायका पाणी शेंदताहेत, चार दोर, चार घागरी, आणि दोराला दोर अडकत नाही. मी घरी आलो तो जेवलोच नाही. बायको म्हणाली, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, गाणं ऐकलं." ती म्हणाली, "मग रोज काय ऐकता?"

त्या दिवसापासनं मला एकच ध्यास लागला. मडमबाईंकडनं मी ती विद्या शिकलो, हळूहळू, चुका करत. पण नुसती शिकून काय करायची? मला माझ्या माणसांसाठी, माझ्या भाषेत, चार आवाजांचं एक गाणं करायचं होतं, आणि ते त्यांच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, अथपासून इतिपर्यंत पुरं ऐकायचं होतं. मोठं नाव नको होतं, काही नको होतं. डोक्यात जे ऐकू येतं ते कानानं ऐकायचं, एवढंच.

गाणं मी केलं. पेत्राचं गाणं. प्रभूला धरून नेलं तेव्हा त्याचा हा जवळचा शिष्य तीनदा म्हणाला की मी या माणसाला ओळखत नाही, आणि मग कोंबडा आरवला आणि तो बाहेर जाऊन रडला. त्यात एक ओळ होती, 'ज्याच्या ताटात जेवलो, त्याची नाही म्हटली ओळख.' ती ओळ मुख्य चालवाल्यानं एकट्यानं वर चढत म्हणायची आणि बाकीचे तीन आवाज खालनं शांतपणे चालत राहायचे. शब्द एका रात्रीत झाले. चारी वाटा बांधायला मात्र वर्ष गेलं.

आता अडचण ऐका. आमच्या माणसांत एक रीत आहे, तुमच्यातही असेल. गाताना कुणाचा दम तुटला, कुणी अडखळला, तर शेजारचा त्याची ओळ उचलतो. त्याला एकटा पडू देत नाही. भजनात, ओवीत, सगळीकडे असंच. जो उचलत नाही त्याला लोक म्हणतात, ह्यानं त्याला उघडं पाडलं. फार चांगली रीत आहे. पण चार आवाजांच्या गाण्याला तिच्यासारखं विष नाही! एक आवाज जरा डळमळला की बाकीचे तीन आपापली वाट सोडून त्याच्या मदतीला धावायचे. मग काय, पुन्हा सगळे एकाच चालीत. बारामतीत तेच, इंदापुरात तेच. मी ओरडायचो, "अहो, त्याचं तो बघेल! तुम्ही तुमच्या वाटेनं जा!" सगळे मान डोलवायचे आणि पुढच्या ओळीला परत धावायचे.

यातनं मला तारलं ते इंदापूरच्या दोन भावांच्या भांडणानं. थोरले शिमोनआबा, मंडळीचे पंच, उंच, पांढऱ्या मिशांचे, आणि आवाज असा की पेटीची गरजच नको. धाकटे याकोबतात्या, पाटाच्या पाण्यावर कामाला, रुंद छातीचे, आणि त्यांचा आवाज विहिरीतनं आल्यासारखा खोल. त्यांचा बाप सनई वाजवायचा. ख्रिस्ती झाल्यावर म्हाताऱ्यानं वाजवणं सोडलं, पण सनई फडक्यात गुंडाळून खुंटीला टांगून ठेवली होती. बाप गेला. आबांना वाटलं, पंचाच्या घरात देवळाच्या मिरवणुकीतलं वाद्य बरं दिसत नाही. त्यांनी ती भिगवणच्या एका वाजंत्र्याला देऊन टाकली. तात्या तेव्हा बाहेरगावी कामाला होते. परत आले, खुंटी रिकामी बघितली, आणि त्या दिवसापासनं भावाशी बोलले नाहीत.

दोघं प्रार्थनाघरात एकाच भिंतीला टेकून बसायचे. तात्या मला म्हणायचे, "मास्तर, त्येंस्नी सांगा, जरा तिकडं सरा." आबा हाताच्या अंतरावर. ते माझ्याकडे बघून म्हणायचे, "मास्तर, त्याला सांगा, हितं काय भिंत कमी पडली हाय व्हय?" मी दोघांच्या मधे तारखात्याचा शिपाई.

पण भांडण माझ्या पथ्यावर पडलं. एका चालीत गायचं म्हटलं की दोघांतला एक उठून जायचा. चार आवाजांत मात्र दोघांची वाट वेगळी, त्यामुळं दोघंही बसायला तयार झाले. आणि आबा अडखळले तर तात्या काही धावून जाणार नव्हते. मला जन्मात पहिल्यांदा अशी दोन माणसं मिळाली जी एकमेकांना उचलणार नाहीत!

मुख्य चाल मी आबांना दिली, सगळ्यात खालची तात्यांना. तात्यांना ती बिलकुल पटेना. "ही कसली चाल म्हनायची, मास्तर? हिला ना डोकं ना पाय. एका जागी हुभं ऱ्हायाचं, जरा खाली सरकायचं, परत हुभं ऱ्हायाचं."

मी विचारलं, "तात्या, तुमचे वडील सनई वाजवायचे तेव्हा शेजारी बसून सूर कोण धरायचं?"

त्यांनी पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. मग म्हणाले, "म्याच धरायचो."

"मग हे तेच आहे."

"सूर धरणाऱ्याचं नाव कुनी घेतं का?"

"मी घेईन," मी म्हणालो. तात्या हसले आणि घसा साफ करून बसले. त्यानंतर त्यांनी खालची चाल कधी चुकवली नाही. ती एवढी पक्की झाली की पाटावर दारं धरतानाही ते तीच म्हणायचे, आणि शेजारच्या रानातला माणूस विचारायचा, "तात्या, काय दुखतंय का?"

बायकांची वेगळीच तऱ्हा. प्रत्येक आवाजाला मी निराळं बसवून शिकवत होतो, एकमेकांचं कानावर पडू नये म्हणून. बायकांचा खालचा आवाज मार्थाबाईंकडे होता. कडक बाई, मंडळीत त्यांच्यापुढं कुणाचं काही चालायचं नाही. महिनाभर शिकल्यावर त्या म्हणाल्या, "मास्तर, आमचं गाणं त्यांच्या गाण्यापरीस ग्वाड हाय. त्यांस्नी बी हेच शिकवा की." मी म्हटलं, बाई, हे सगळं मिळून एकच गाणं आहे. त्यांना ते पटलं नाही. इंदापुरातल्या काही घरांत आजही त्यांचीच चाल मूळ चाल म्हणून गातात. मी काही दुरुस्त करायला गेलो नाही, मला तेवढा दम राहिला नाही.

ठरलं असं, की उत्तम शुक्रवारी, म्हणजे प्रभूच्या दुःखसहनाच्या दिवशी, बारामतीच्या चर्चमध्ये दोन्हीकडची मंडळी एकत्र येऊन हे गाणं म्हणेल. पुण्याहून बडे पाद्री येणार होते. मला त्यांचं विशेष काही नव्हतं. मला माझ्या कानांचं होतं. त्या आठवड्यात मी धड झोपलो नाही. त्यात आबांना खोकला लागलेला. नाताळापासनं जातच नव्हता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गाऊ नका म्हणून बजावलं होतं. आबा मला म्हणाले, "गाऊ नगं म्हनतोय त्यो. मग काय करू? बसून खोकू?" मी काळजीनं विचारलं, "पण आबा, ती वर चढायची ओळ झेपेल का?" ते म्हणाले, "मास्तर, त्या वळीसाठीच तर जीव धरून हाय."

शुक्रवार उजाडला. उन्हाचा कहर. इंदापूरची माणसं मोटारीनं, कुणी बैलगाड्यांनी आली. चर्च गच्च. मी पेटीवर बसलो, चारी गट आपापल्या जागी उभे राहिले, आणि गाणं सुरू झालं. पहिलं कडवं झालं. काय सांगू! चारी वाटा निराळ्या, चारी जाग्यावर. मार्थाबाई आपल्या वाटेवर ठाम. तात्या खालनं सूर धरून. माझे पाय चालत होते आणि डोळ्यांना धारा लागल्या होत्या. मी मनात म्हणत होतो, देवा, आता एक कडवं, फक्त एक कडवं.

मग ती ओळ आली. 'ज्याच्या ताटात जेवलो' एवढं आबा चढले, आणि 'त्याची' वर त्यांचा आवाजच गेला. तुटला नाही, फाटला नाही, नुसता गेला. तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताठ, आणि आवाज नाही. खालचे तीन आवाज चालत होते आणि वर नुसती पोकळी. आबांनी एका हातानं बाक धरलं.

आणि तात्यांनी आपली वाट सोडली. तो विहिरीतला आवाज वर आला, त्याला पेलणार नाही इतका वर, आणि त्यानं भावाची ओळ उचलली. 'त्याची नाही म्हटली ओळख.' तात्या आबांकडे बघत नव्हते, समोर भिंतीकडे बघत होते. पण एकदा तात्या गेले म्हटल्यावर कोण थांबतंय? मार्थाबाई गेल्या, बायकांचा वरचा आवाज गेला, बारामतीचे गेले, मागं बाकावर बसलेली मंडळी, ज्यांना गायचंच नव्हतं, तीही उठली. आख्खं चर्च एका चालीत आबांना घेऊन वर चढलं. मी हात उचलला असता तर सगळे थांबले असते, तसं ठरलेलंच होतं. थांबवून पहिल्यापासनं घेता आलं असतं. मी आबांकडे बघितलं. ते आवाजाविना नुसते ओठ हलवत होते, आणि त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी कुठल्या गाण्यात घातलेलं नव्हतं. मी हात उचलला नाही. मीही चारी आवाज सोडले आणि ती एकच चाल वाजवत सुटलो.

उपासनेनंतर बडे पाद्री म्हणाले, "फार मनापासून गायले सगळे. पण मास्तर, हे तर भजन झालं. तुमचे चार आवाज कुठे गेले?"

मी म्हणालो, "मदतीला गेले, साहेब."

त्यांना ते कळलं की नाही कोण जाणे. मडमबाईंना कळलं.

बाहेर लिंबाखाली तात्या उभे होते. पागोटं हातात. "मास्तर, तुमचं गाणं म्या मोडलं."

"मोडलंत खरं," मी म्हणालो. "मग, बोललात का भावाशी?"

"न्हाय. कशापायी बोलू?"

"आत्ता तर त्यांना उचललंत."

"त्ये गाण्यात. त्यो एकटा पडला हुता. सनईचं येगळं हाय, मास्तर."

घरी आलो आणि मग मात्र सगळा शीण अंगावर आला. चर्चमध्ये रडलो ते रडलो, पण माझं गाणं काही मी ऐकलं नव्हतं. एक कडवं ऐकलं होतं, आणि एका कडव्यानं तहान आणखी वाढते. पुढच्या खेपेला इंदापूरला गेलो तो कमरेला पदर खोचलेल्या बाईसारखा. म्हणालो, "आबा बरे झाले की आपण हे परत म्हणायचं. पण आता एक कायदा. कुणी कुणाला उचलायचं नाही. वरचा पडला तर पडू दे. आपली वाट सोडायची नाही."

मार्थाबाई ताडकन म्हणाल्या, "असं कसं, मास्तर? मानूस पडल्याव बघत ऱ्हायाचं व्हय?"

"गाण्यात हो, बाई. फक्त गाण्यात."

आणि मी त्यांना घोटवलं. आख्खा पावसाळा घोटवलं. मुख्य चाल मी स्वतः म्हणायचो आणि मधेच मुद्दाम गप्प व्हायचो. पहिल्यांदा सगळे धावून यायचे. मी चिडायचो, परत पहिल्यापासनं. मग थोडे कमी धावायला लागले. मग फक्त तात्या. तेही शेवटी शिकले. मी मधेच थांबलो तरी खालचे तीन आवाज आपापल्या वाटेनं शेवटपर्यंत जायला लागले. आबा दारात घोंगडी पांघरून बसायचे आणि ऐकायचे. त्यांचा आवाज परत आला नाही.

दिवाळीनंतर ते अंथरुणालाच लागले. मी भेटायला गेलो तर खुणेनं जवळ बोलावलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मास्तर, याकोबाला सांगा. सनई भिगवणला हाय अजून. पायजे तर जाऊन आन."

मी तात्यांना पाटावर गाठून निरोप दिला. ते फावड्यावर हात ठेवून ऐकत राहिले. म्हणाले, "त्येंस्नी सांगा, मला ठावं हाय. म्या जाऊन बघून आलोय. ज्याच्याकडं हाय त्यो बरी वाजवतोय. ऱ्हाऊ द्या तितंच." मी तसा उलट निरोप दिला. आबांनी डोळे मिटले, आणि हसल्यासारखं केलं. एवढंच त्यांचं बोलणं झालं, तेही माझ्या तोंडून.

नाताळाच्या आधी आबा गेले. मी पहिल्या मोटारीनं पोचलो. मातीला सगळी मंडळी जमली होती, शेजारपाजारचे हिंदू बागाईतदार आले होते, पाटावरची माणसं आली होती. अशा वेळी म्हणायची गीतं ठरलेली असतात, पुनरुत्थानाची, धीराची. मी सुरू करणार तोच मार्थाबाई म्हणाल्या, "ते नगं, मास्तर. आबांचं गाणं म्हना."

मुख्य चाल म्हणायला कोण? ती आबांची होती, दुसऱ्या कुणाला अथपासून इतिपर्यंत येत नव्हती. माझ्याशिवाय. पेटी नव्हती, काही नव्हतं. मी सूर दिला आणि सुरुवात केली. बायकांचे दोन्ही आवाज आपापल्या जागी, खड्ड्याच्या पलीकडे तात्या, खाली बघत, सूर धरून. एवढ्या वर्षांत असं कधी जुळलं नव्हतं. पहिलं कडवं झालं, दुसरं सुरू झालं. एकही सूर इकडचा तिकडे नाही.

'ज्याच्या ताटात जेवलो' इथवर मी आलो आणि खाली आबांच्या शवपेटीकडे माझी नजर गेली. कुणीतरी तिच्यावर मूठभर माती आधीच टाकली होती. आवाज निघेचना. मी थांबलो आणि, काय सांगू, अगदी सहज, सवयीनं, वाट बघत राहिलो. आता कुणीतरी उचलेल.

कुणी उचललं नाही. बायका आपल्या वाटेनं चालत राहिल्या. मार्थाबाई माझ्याकडे बघत होत्या, त्यांच्या डोळ्यांतनं पाणी गळत होतं, पण त्यांनी जागा सोडली नाही. पलीकडे तात्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं, त्यांची छाती वरखाली झाली, आणि तो खोल आवाज होता तिथंच राहिला. मी मधे उभा, तोंड उघडं. तीन आवाज माझ्या खालनं गेले, मुक्कामाला पोचले आणि थांबले. मी बांधलं होतं तसं, शेवटच्या सुरापर्यंत.

माती झाल्यावर तात्या हात झटकत माझ्याकडे आले. "मास्तर, तुमचा आवाज ग्येला तवा माझा जीव नुसता वर यायला बघत हुता. पर म्हनलं, न्हाय. मागल्या येळंला म्या गाणं मोडलं, आता न्हाय मोडायचं. तुमी शिकवलंय तसंच म्हनायचं." मग त्यांनी विचारलं, "झालं का बरूबर?"

"झालं, तात्या," मी म्हणालो. "अगदी बरोबर झालं."